एचआयव्ही सेवांचा निधी घटल्यावर काय तुटते ते कसे ओळखावे आणि आधी काय वाचवावे

हे मार्गदर्शन एचआयव्ही प्रतिबंध व उपचाराच्या कामात असलेल्या लहान संस्थांसाठी, समुदायातूनच पुढे आलेल्या कार्यकर्त्यांसाठी आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार, देणाऱ्या केंद्रांतील समुपदेशकांसाठी लिहिले आहे. निधी कमी करण्याचा निर्णय यांपैकी कोणाच्याही हातात नसतो. निर्णय लागू झाल्यानंतर कोण उपचारात टिकेल आणि कोण नकळत गळून पडेल हे मात्र बऱ्याच अंशी याच लोकांच्या कामावर ठरते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. कपातीची चर्चा नेहमी औषधांभोवती फिरते, आणि औषधे बहुधा सर्वांत शेवटी बंद होतात, कारण औषधांचा खर्च दिसतो, मोजता येतो आणि तो थांबवणे कोणालाही लाजिरवाणे वाटते. त्याआधी जातात ती माणसे: वस्तीत फिरणारा पिअर कार्यकर्ता, म्हणजे त्याच समुदायातील कार्यकर्ता, चुकलेल्या तारखेनंतर फोन करणारी समुपदेशक, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेपर्यंत नेणारा स्वार, वेळ न ठरवता येता येईल असे, संध्याकाळी उघडे राहणारे ड्रॉप-इन सेंटर सांभाळणारी बाई. कागदावर सेवा चालूच असते, कपाटात गोळ्याही असतात, परंतु ज्यांना सरकारी दवाखान्याची पायरी चढताना भीती वाटते त्यांच्यापुरती ती सेवा संपलेली असते. म्हणून या मार्गदर्शनाचा बहुतेक भाग त्या माणसांच्या साखळीविषयी आहे.

कपात कशी येते हे समजून घ्यावे

अमेरिकेने २० जानेवारी २०२५ रोजी परदेशी मदतीला ९० दिवसांची स्थगिती दिली आणि त्यानंतर काही दिवसांतच चालू कामे थांबवण्याचे आदेश निघाले. २००३ पासून चालत आलेला पेपफार हा एचआयव्ही कार्यक्रमही त्यात अडकला. पुढे जीवरक्षक सेवांना सवलत देण्यात आली, त्यात उपचार आणि मातेकडून बाळाला होणाऱ्या संसर्गाचा प्रतिबंध आला, परंतु प्रेपची, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या औषधाची, सवलत गरोदर आणि स्तनदा स्त्रियांपुरतीच ठेवली गेली. पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी व्यक्ती, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि इंजेक्शनद्वारे नशा करणारे लोक या गटांसाठीच्या प्रतिबंधक सेवा त्या सवलतीबाहेर राहिल्या. त्याच वर्षी ब्रिटननेही आपली परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणण्याचे जाहीर केले, आणि एचआयव्ही, क्षय व मलेरियाविरुद्धच्या कामाला पैसे देणाऱ्या ग्लोबल फंडाने आधीच मंजूर केलेल्या अनुदानांत १.४३ अब्ज डॉलरची कपात केली.

या घटनाक्रमातून कार्यकर्त्याने घ्यायचा बोध असा की ‘सेवा पुन्हा सुरू झाली’ हे वाक्य ऐकल्यावर लगेच विचारावे: कोणासाठी सुरू झाली? संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएड्स या संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरातील नव्या संसर्गांपैकी ५५ टक्के वर सांगितलेल्या गटांतील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार यांच्यात होते. म्हणजे जी माणसे सवलतीतून पहिल्यांदा वगळली जातात, तिथेच संसर्गाचा जोर जास्त असतो.

हे आधीही घडलेले आहे. रुमेनियाला ग्लोबल फंडाकडून मिळणारे एचआयव्हीचे अनुदान २०१० मध्ये संपले आणि सुई-सिरिंज वाटपाचे काम आक्रसले. त्याच सुमारास तिथे दिवसातून अनेकदा टोचून घ्यावी लागणारी नवी उत्तेजक द्रव्ये आली होती. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, आणि देशातील नव्या एचआयव्ही रुग्णांमध्ये इंजेक्शनद्वारे नशा करणाऱ्यांचे प्रमाण २०१० मधील सुमारे ३ टक्क्यांवरून २०१३ पर्यंत सुमारे ३० टक्क्यांवर गेले. ग्रीसमध्ये आर्थिक संकटाच्या काळात, जिथे अशा सेवा मुळातच अपुऱ्या होत्या, या गटात २०१० पर्यंत वर्षाला वीसपेक्षा कमी नवे रुग्ण सापडत. २०११ मध्ये हा आकडा दोनशेच्या पुढे गेला. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील स्कॉट काउंटी या ग्रामीण भागात एचआयव्हीची मोफत चाचणी करणारे एकमेव क्लिनिक २०१३ मध्ये बंद झाले होते, सुई-सिरिंज बदलून देण्यास राज्यात परवानगी नव्हती, आणि २०१५ च्या नोव्हेंबरपर्यंत तिथे १८१ जणांना संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. तिन्ही ठिकाणी कारणांची गुंफण वेगवेगळी आहे आणि सगळा दोष एकट्या कपातीवर टाकणे बरोबर होणार नाही. तिन्हीत एक बाब मात्र समान आहे: संसर्ग वाढत असताना तो पाहणारे कोणी तिथे उरले नव्हते किंवा पुरेसे नव्हते.

साखळीचा नकाशा काढावा

कपातीची बातमी येताच, म्हणजे पत्र हातात पडण्याची वाट न पाहता, एक मोठा कागद घ्यावा आणि एका खऱ्या माणसाचा प्रवास त्यावर मांडावा. नाव लिहू नये. वस्तीत राहणारी, रात्री काम करणारी एखादी स्त्री डोळ्यांसमोर आणावी आणि विचारावे: तिला चाचणीविषयी पहिल्यांदा कोणी सांगितले, ती चाचणीला कोणाबरोबर गेली, निकाल कोणी समजावला, पहिल्या गोळ्या मिळाल्या त्या दिवशी तिच्या मुलाला कोणी सांभाळले, चक्कर येऊ लागल्यावर तिने कोणाला फोन केला, व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तातील विषाणू मोजण्यासाठी, दिलेला नमुना कोणी नेला, निकाल परत तिच्यापर्यंत कोणी पोहोचवला. प्रत्येक टप्प्यापुढे त्या कामाचा पगार, प्रवासखर्च किंवा फोनबिल कोणत्या अनुदानातून येते ते लिहावे.

हा नकाशा काढताना दोन गोष्टी हमखास लक्षात येतात. पहिली अशी की एकाच माणसावर चार-पाच टप्पे उभे असतात, आणि त्या माणसाचे पद अंदाजपत्रकात ‘मानधन’ किंवा ‘इतर’ या सदरात दडलेले असते, त्यामुळे ते सर्वांत आधी खोडले जाते. दुसरी अशी की काही महागडी साधने स्वस्त दुव्यांवर अवलंबून असतात. व्हायरल लोड मोजणारे यंत्र जागेवर असते, रसायनेही असतात, परंतु नमुने आणणाऱ्या मोटारसायकलच्या पेट्रोलचे पैसे थांबले की यंत्र रिकामे बसते आणि कोणाच्या शरीरात विषाणू पुन्हा वाढू लागला आहे हे महिनोन्महिने कळत नाही. असे स्वस्त पण अडवून धरणारे दुवे लाल शाईने वेगळे दाखवावेत. पुढे पैसे मागताना यांचाच उपयोग होतो.

नकाशा कार्यकर्त्यांनी कार्यालयात बसून एकट्याने काढू नये. सेवा घेणाऱ्या चार-पाच जणांना बोलवावे, त्यांच्या वेळेचा आणि येण्याजाण्याचा मोबदला द्यावा, आणि ते सांगतील तो प्रवास लिहून घ्यावा. संस्थेला मोठा वाटणारा उपक्रम त्यांच्या बोलण्यात येतच नाही, आणि कधी एखाद्या पहारेकऱ्याच्या चांगल्या वागण्यामुळेच ते त्या दवाखान्यात येत असतात, असेही ऐकायला मिळते.

कोण येत नाही ते दर महिन्याला मोजावे

या मार्गदर्शनातील एकच काम करणे शक्य असेल तर ते हे करावे. औषधे घेण्याची तारीख उलटून २८ दिवस झाले आणि तरीही व्यक्तीशी काहीच संपर्क झाला नाही, तर तिचा उपचार खंडित झाला असे आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांत धरले जाते. तेवढे दिवस हातावर हात ठेवून बसावे असा याचा अर्थ नाही. तारखेच्या तिसऱ्या दिवशी पहिला फोन, सातव्या दिवशी दुसरा, आणि दोन आठवड्यांच्या आत त्या व्यक्तीने आधी परवानगी दिलेल्या मार्गाने प्रत्यक्ष भेट, असा क्रम ठेवणे मला योग्य वाटते. उपचार थांबल्यावर बहुतेकांच्या रक्तात विषाणू दोन ते चार आठवड्यांत पुन्हा मोजण्याइतका वाढतो, त्यामुळे २८ दिवसांनी सुरू केलेला शोध बहुतेकदा उशिरा सुरू झालेला असतो.

मोजताना एकूण सरासरीवर विसंबू नये. समजा एका केंद्रात ६०० जण उपचार घेत आहेत आणि त्यांपैकी ६० जण समुदायातील पिअर कार्यकर्त्यांमार्फत आलेले आहेत. कपातीपूर्वी दर वेळी ६०० पैकी ५७० जण, म्हणजे ९५ टक्के, वेळेवर औषधे नेत. न येणाऱ्या ३० जणांत त्या ६० मधील केवळ ३ जण होते. पिअर कार्यकर्ते कमी केल्यानंतर ५५२ जण आले, म्हणजे ९२ टक्के. वरिष्ठ कार्यालयात ही तीन टक्क्यांची घट कोणाच्या नजरेत भरणार नाही. परंतु अनुपस्थित ४८ जणांची फोड केली तर दिसते की इतर ५४० जणांतील अनुपस्थिती २७ वरून २८ झाली, आणि त्या ६० जणांतील अनुपस्थिती ३ वरून २० वर गेली. म्हणजे त्या गटातील दर तिसरी व्यक्ती उपचाराबाहेर पडली आहे, आणि केंद्राचा अहवाल मात्र समाधानकारक आहे.

अशी फोड करण्यासाठी व्यक्तीची ओळख नोंदवणे गरजेचे नाही, आणि अनेक ठिकाणी ते धोक्याचेही असते. त्याऐवजी ती व्यक्ती कोणत्या कार्यकर्त्यामार्फत सेवेत आली याचा सांकेतिक क्रमांक लिहावा. एखाद्या क्रमांकाखालील लोक अचानक येईनासे झाले की कोणता दुवा तुटला ते समजते, आणि नोंदवही चुकीच्या हाती पडली तरी तिच्यातून कोणी तृतीयपंथी आहे की कोणी नशा करतो हे उघड होत नाही.

चाचण्यांबाबतही हीच काळजी घ्यावी. नव्या रुग्णांचा आकडा कमी झाला म्हणून आनंद मानण्यापूर्वी किती चाचण्या झाल्या आणि कुठे झाल्या ते पाहावे. वस्तीतील चाचण्या बंद होऊन फक्त दवाखान्यातील चाचण्या उरल्या असतील तर नवे रुग्ण कमीच दिसणार. ते पुढे न्यूमोनिया, क्षय किंवा मेंदूज्वर घेऊन दाखल होतील. निदानाच्या वेळी सीडी४ पेशी, म्हणजे एचआयव्हीमुळे घटणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, २०० पेक्षा कमी असणाऱ्यांचे प्रमाण वाढू लागले, तर चाचणी उशिरा होत आहे याचा तो स्पष्ट इशारा समजावा.

साठ्याचा हिशेब आणि औषधांची मुदत

साठा किती आहे यापेक्षा तो किती महिने पुरेल हे महत्त्वाचे. ६०० जणांसाठी ३० गोळ्यांच्या २,४०० बाटल्या असतील तर चार महिन्यांची सोय आहे. मागणी नोंदवल्यापासून माल पोहोचायला पाच महिने लागत असतील, तर कपाट भरलेले दिसत असतानाच एका महिन्याची टंचाई निश्चित झालेली असते. हा हिशेब प्रत्येक औषधासाठी, लहान मुलांच्या मात्रांसाठी आणि चाचणी संचांसाठी वेगळा करावा. निदानासाठी एकापाठोपाठ एक वेगवेगळ्या संचांनी चाचण्या कराव्या लागतात, त्यामुळे पहिला संच संपला की बाकीचे संच असूनही काम थांबते.

टंचाईची चाहूल लागली की व्यवस्थापनाचा पहिला विचार असतो सर्वांना एकेका महिन्याचीच औषधे देण्याचा. त्यामागची भीती समजण्यासारखी आहे, पण परिणाम उलटा होतो. ६०० जणांना दरमहा बोलावले तर महिन्यातून ६०० भेटी होतात. तीन महिन्यांची औषधे दिली तर दरमहा सरासरी २००, आणि सहा महिन्यांची दिली तर १०० भेटी होतात. कर्मचारी कमी झालेल्या केंद्रात २५ दिवसांत ६०० लोक सांभाळायचे म्हणजे रोज २४ जण, आणि तेवढ्यात कोणाशी नीट बोलणे होत नाही. प्रकृती स्थिर असलेल्यांना तीन ते सहा महिन्यांची औषधे द्यावीत अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि पुढचा माल निश्चित येणार असेल तर कपातीच्या काळात तीच वाट सोयीची आहे.

माल येण्याची खात्री नसेल तेव्हा सर्वांना सारखी कात्री लावू नये. ज्यांना परत येणे सर्वांत अवघड आहे, म्हणजे कामासाठी सतत गावे बदलणारे, वाटेत पोलिसांची भीती असणारे, रोजंदारी बुडवून येणारे, त्यांना लांब मुदतीची औषधे द्यावीत आणि केंद्राजवळ राहणाऱ्यांना कारण मोकळेपणाने सांगून एक-दोन महिन्यांची द्यावीत. कारण सांगितले तर लोक समजून घेतात. न सांगता गोळ्या कमी केल्या तर अफवा पसरते आणि काही जण उरलेल्या गोळ्या पुरवून पुरवून खाऊ लागतात.

आधी काय वाचवावे

सगळे वाचवता येणार नाही हे मान्य करूनच क्रम लावावा लागतो, आणि तो शांतपणे, लेखी, निधी संपण्यापूर्वी लावलेला बरा.

उपचारात असलेल्यांची औषधे अखंड ठेवणे सर्वांत वर येते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ या मोठ्या चाचणीत सीडी४ पाहून अधूनमधून औषधे थांबवणाऱ्यांमध्ये आजार आणि मृत्यू अधिक आढळले, आणि त्यानंतर ठरवून औषधे थांबवण्याचा विचारच मागे पडला. शिवाय रक्तातील विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका दबलेला असेल तर लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, त्यामुळे एका व्यक्तीचा उपचार टिकणे हा तिच्या जोडीदाराचाही बचाव असतो.

त्याच्या बरोबरीने गरोदर स्त्रिया आणि बाळे यावीत. काहीच उपाय न केल्यास गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून १५ ते ४५ टक्के बाळांना संसर्ग होऊ शकतो. योग्य उपचाराने हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येते. संसर्ग झालेल्या बाळाला उपचार मिळाला नाही तर दोन वर्षांचे होण्यापूर्वीच दगावण्याची शक्यता जवळपास निम्मी असते, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत होणाऱ्या बाळाच्या चाचणीची वाहतूक आणि निकाल कळवण्याची सोय शेवटपर्यंत राखावी. सीडी४ फार कमी झालेल्यांसाठी क्षयाची आणि मेंदूज्वर आणणाऱ्या क्रिप्टोकॉकस बुरशीची तपासणी हाही याच पायरीवरचा खर्च आहे.

अफूजन्य नशेऐवजी दिली जाणारी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे घेणाऱ्यांचा उपचार अनेक ठिकाणी ‘प्रतिबंध’ या सदरात टाकलेला असतो आणि म्हणून तो लवकर खोडला जातो. ही गंभीर चूक आहे. तो अचानक थांबला तर माणूस पुन्हा सुईकडे वळतो, आणि दरम्यान शरीराची सवय कमी झालेली असल्यामुळे पूर्वीच्याच मात्रेने त्याचा जीव जाऊ शकतो. बंद करणे अटळ असेल तर दुसऱ्या केंद्रात जागा मिळेपर्यंत मात्रा चालू ठेवावी आणि अतिमात्रेचा परिणाम उतरवणारे नॅलॉक्सोन हाताशी द्यावे. निर्जंतुक सुया आणि कंडोम यांचा खर्च इतका कमी आहे की त्यांच्यावरची बचत कोणत्याच हिशेबात बसत नाही.

संपर्कानंतरचे प्रतिबंधक औषध, म्हणजे पेप, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. त्यामुळे ते दूरच्या एकाच केंद्रात ठेवून उपयोग नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला ते कुठे मिळेल हे वस्तीतील प्रत्येक कार्यकर्त्याला, नोकरीवर असो वा नसो, माहीत असले पाहिजे. प्रेपच्या बाबतीत नवे लोक जोडणे थांबवावे लागले तरी जे घेत आहेत आणि ज्यांना आजही धोका आहे त्यांचे औषध मध्येच तोडू नये. वर्षातून दोनदा टोचायचे लेनाकापाविर हे प्रेपचे औषध आता आले आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही, आणि २०२७ पासून ते अनेक देशांत वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये मिळावे अशी व्यवस्था जाहीर झाली आहे. तरीही सहा महिन्यांनी त्या स्त्रीला आठवण करून देणारे कोणीतरी लागतेच, आणि आपण मानधनाच्या सदरात खोडत असतो ती नेमकी तीच व्यक्ती असते.

कमी करण्यासारखे काय, हेही प्रामाणिकपणे ठरवावे. मोठे मेळावे, छापील पत्रके, हॉटेलातील प्रशिक्षणे, एकाच माहितीचे चार वेगवेगळे अहवाल, आणि ज्यांना फारसा धोका नाही अशांच्या सरसकट चाचण्या आधी थांबवाव्यात. त्याऐवजी जोडीदारांमार्फत व ओळखीच्या वर्तुळांतून होणाऱ्या चाचण्या आणि स्वतः करायचे चाचणी संच यांवर तोच पैसा वापरावा. ग्रीसमधील उद्रेकानंतर २०१२-१३ मध्ये अथेन्समध्ये राबवलेल्या ‘ॲरिस्टॉटल’ कार्यक्रमात नशा करणाऱ्यांनाच कुपने देऊन आपल्या ओळखीच्यांना चाचणीसाठी आणायला सांगितले गेले, तीन हजारांहून अधिक जणांपर्यंत पोहोचता आले, आणि त्या काळात संसर्गाचा वेग तीन-चतुर्थांशाहून अधिक घटला. ते लोक कुठे आहेत हे त्यांच्या मित्रांना माहीत होते. कोणत्याही कार्यालयाला नव्हते.

लोकांना काय आणि कसे सांगावे

बातमी लपवू नये. निधी कमी होत आहे, अमुक तारखेपर्यंतची औषधे उपलब्ध आहेत, त्यानंतर कुठे जायचे हे आम्ही अमुक दिवशी सांगू, असे तीन भाग सांगावेत. ठाऊक नसलेल्या गोष्टीचे आश्वासन देऊ नये.

औषधांबाबतच्या सूचना मात्र नेमक्या असाव्यात. गोळी अर्धी करू नये, एक दिवसाआड घेऊ नये, जोडीदारासोबत वाटून घेऊ नये, कारण रक्तात औषध अपुरे राहिले की विषाणू त्याला दाद देईनासा होतो. ज्यांना हेपॅटायटिस बी आहे त्यांनी टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन असलेली गोळी अचानक थांबवल्यास यकृताचा आजार उफाळू शकतो, म्हणून त्यांची नावे आधीच वेगळी काढून ठेवावीत. गोळ्या संपत आल्या असतील तर शेवटची गोळी संपण्याची वाट न पाहता दोन आठवडे आधी कळवावे. खंड पडला असेल तर त्या काळात कंडोम वापरावा आणि जमेल तितक्या लवकर परत यावे. परत आलेल्याची सीडी४ तपासणी करावी आणि उपचार पुन्हा सुरू करण्यात दिरंगाई करू नये.

परत येणाऱ्याला रागावू नये, इतके दिवस कुठे होतात असे विचारून त्याला सर्वांसमोर उभे करू नये. ‘आलात, बरे झाले’ एवढे म्हणून खुर्ची द्यावी. हे सौजन्यापुरते सांगत नाही. पहिल्याच दिवशी बोलणी खाल्लेला माणूस पुढच्या तारखेला येत नाही, हे या कामातील प्रत्येकाने पाहिलेले असते.

दुसऱ्या केंद्राकडे सोपवताना

ड्रॉप-इन सेंटर किंवा समुदायाचे क्लिनिक बंद करून सर्वांना सर्वसाधारण रुग्णालयात पाठवणे याला कागदोपत्री एकत्रीकरण म्हणतात. ते नीट केले तर टिकते, पण चिठ्ठी हातात देऊन पाठवणी केली तर अनेक जण तिथे पोहोचतच नाहीत. म्हणून बंद होण्याच्या किमान दोन महिने आधी नव्या केंद्रातील डॉक्टर, परिचारिका, औषध देणारा आणि दारावरचा माणूस या चौघांची समुदायातील काही जणांशी भेट घडवावी. पहिल्या भेटीला कार्यकर्त्याने सोबत जावे. तिथे व्यक्तीला ज्या नावाने हाक मारलेली आवडते त्याच नावाने हाक मारली जाईल, आणि रांगेत आजाराचे नाव मोठ्याने घेतले जाणार नाही, हे आधीच ठरवून घ्यावे. सोपवल्यानंतर सातव्या दिवशी आणि महिन्याने फोन करून औषधे खरोखर हातात पडली का ते विचारावे. नव्या केंद्राच्या नोंदवहीत नाव चढले म्हणजे काम झाले असे समजू नये.

नोंदींबाबत कमालीची सावधगिरी हवी. जिथे समलिंगी संबंध, देहविक्रय किंवा नशा यांसाठी शिक्षा होते, तिथे बंद पडलेल्या संस्थेच्या कपाटातील यादी लोकांना थेट तुरुंगात पोहोचवू शकते. उपचारासाठी आवश्यक तेवढीच माहिती, म्हणजे औषधांचा क्रम, तपासण्यांचे निकाल, ॲलर्जी, त्या व्यक्तीच्या संमतीने नव्या केंद्राला द्यावी. ती कोणत्या समुदायाची आहे ही माहिती तिने स्वतः सांगायची की नाही हे तिच्यावर सोडावे. प्रत्येकाला त्याच्या उपचाराची एक प्रत हातात द्यावी, कारण केंद्रे बंद होतात तेव्हा तोच कागद कामी येतो. उरलेल्या नोंदी कायद्याने किती काळ ठेवणे बंधनकारक आहे ते तपासून, ठेवण्याची गरज नसलेल्या नोंदी दोन जणांच्या सहीने नष्ट कराव्यात. कार्यकर्त्यांच्या फोनमधील व्हॉट्सॲप गट आणि छायाचित्रे यात बहुधा विसरली जातात, तीही पुसावीत.

पैसे मागताना

निर्णय घेणाऱ्यांसमोर जाताना मोठ्या आकड्यांनी सुरुवात करण्याचा मोह होतो. पेपफारचा आधार कायमचा गेला तर २०२५ ते २०२९ या काळात ६० लाख अधिक संसर्ग आणि ४० लाख अधिक मृत्यू होऊ शकतात, हा यूएनएड्सचा अंदाज सांगण्यासारखाच आहे, परंतु स्थानिक अधिकाऱ्याला त्यावर काहीच करता येत नाही. त्याला त्याच्या हातातले सांगावे. अमुक दुवा तुटल्यामुळे इतके जण महिनाभरात उपचाराबाहेर गेले, तो दुवा पुन्हा जोडायला दरमहा इतका खर्च येतो, आणि तो अमुक सदरातून देता येतो, असे एका पानात लिहावे. लाल शाईने दाखवलेले दुवे आणि कार्यकर्त्यांच्या क्रमांकांनुसार केलेली अनुपस्थितीची फोड इथे जोडावी. क्षय, माता-बालसंगोपन किंवा हेपॅटायटिसच्या अंदाजपत्रकातून नमुन्यांच्या वाहतुकीचा खर्च भागवता येतो का हेही विचारावे, कारण त्या नमुन्यांनाही तीच मोटारसायकल लागते. कोणाची व्यथा सांगायची असेल तर ती त्या व्यक्तीच्या परवानगीने, नाव व खुणा बदलून सांगावी. पैशासाठी कोणाला व्यासपीठावर बसवू नये.

मानधन थांबल्यावरही अनेक पिअर कार्यकर्ते काम करत राहतात, कारण पलीकडे त्यांचीच माणसे असतात. त्यांच्या या वागण्याविषयी मनात आदर असला तरी त्यावर योजना आखू नये. निदान फोनचा आणि प्रवासाचा खर्च, ओळखपत्र आणि स्वतःच्या उपचाराची सोय त्यांना मिळावी, आणि किती तास विनामोबदला काम झाले याची नोंद ठेवावी, म्हणजे पुढच्या अंदाजपत्रकात तो खर्च शून्य दाखवला जाणार नाही.

थोडा निधी परत आला तर तो पहिल्यांदा गळालेल्यांच्या शोधावर खर्च करावा. कपातीच्या तारखेपासून न आलेल्यांची यादी काढावी, तिच्यात गरोदर स्त्रिया, लहान मुले, सीडी४ कमी असलेले आणि हेपॅटायटिस बी असलेले वर घ्यावेत, आणि प्रत्येक नोंदीपुढील कार्यकर्त्याचा क्रमांक पाहावा. ज्या क्रमांकापुढे सर्वाधिक गळती आहे, त्या कार्यकर्त्याला नवी भरती करण्याआधी कामावर परत बोलवावे.